नंदावहिनींचा दोरा

उंब्रजला नंदावहिनींच्या माडीवर राहायला गेले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी खालून खणखणीत आवाज आला, "सावधान!" माझ्या हातातला चहा बशीत सांडला. घरमालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत एवढं मला ठाऊक होतं. गल्लीतल्या पोरांना कवायत शिकवत असतील, असं वाटलं. पण आवाज बाईचा होता. जिन्यावरून वाकून पाहिलं तर सुभेदार अंगणात निमूट कोथिंबीर निवडत बसले होते. रस्त्याकडच्या खोलीत, खुर्चीवर बसलेल्या एका मुलीने डोळे घट्ट मिटून एका हाताने भुवईची कातडी वर आणि दुसऱ्या हाताने पापणी खाली ताणून धरली होती. तिच्यावर वाकलेल्या नंदावहिनी. दोऱ्याचं एक टोक त्यांच्या दातात, बाकीचा दोरा बोटांत पेचलेला, आणि तो भुवईवरून चरचर चरचर फिरत होता. दोन्ही भुवया झाल्यावर त्यांनी दोरा तोंडातून काढला आणि दुसरा हुकूम सोडला, "विश्राम!"

मुलीने डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि आरशात बघून हसली.

मी गावच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला आलेली. पाच-सहा वर्षं त्या माडीवर राहिले. त्या काळात हे 'सावधान-विश्राम' माझ्या कानाला देवळातल्या घंटेइतकं सवयीचं झालं.

नंदावहिनी उंच, हाडापेराने दणकट. पदर कायम कमरेला खोचलेला, बोलणं घाईचं, चालणं त्याहून घाईचं. आणि गंमत म्हणजे, अख्ख्या गावाच्या भुवया कोरणाऱ्या ह्या बाईच्या स्वतःच्या भुवया मात्र जाड, नाकावर जवळजवळ एकमेकींना भेटलेल्या. मी एकदा विचारलंच.

"आवं बाई, आपला दोरा आपल्याला कुटं धड चालतोय? त्याला दुसऱ्याचाच हात लागतोय. आणि माज्या भुवया मला कुटं दिसत्यात? बघणाऱ्यानं बघून घ्यावं."

हे काम त्या शिकल्या जालंधरला. लग्न होऊन गेल्या तेव्हा जेमतेम विशीतल्या. फौजेच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये शेजारी एक पंजाबी भाभी होती. नवरे ड्यूटीवर गेले की दुपारी त्या चाळीतल्या बायका गॅलरीत जमायच्या आणि एकमेकींच्या भुवया करायच्या. भुवया कोरायच्या म्हणजे तमाशातल्या बाईनं, असं वहिनींच्या माहेरी पक्कं होतं. पण एक दिवस भाभीने त्यांच्या हातात दोरा दिला आणि म्हणाली, पहले अपनी टांग पर सीखो. महिनाभर वहिनींनी स्वतःच्या पोटऱ्या सोलून काढल्या. "माजी पोटरी म्हंजी माजी पाटी हुती," असं त्या सांगायच्या.

सुभेदार रिटायर होऊन दोघं गावी परतली, तेव्हा रस्त्याकडची खोली रिकामी होती. वहिनींनी तिथं आरसा टांगायचा म्हटल्यावर घरात वादळ उठलं. सुभेदारांची आई, जिला सगळे आत्ती म्हणत, तिने जेवण सोडलं. बारीक अंगाची, ताठ कण्याची म्हातारी. चेहऱ्यावर करारी सुरकुत्या, आणि बोलताना पदराचा शेव कायम हनुवटीवर धरलेला. ती म्हणाली, "आमच्या चार पिढ्यांनी ऊस लावला आन बंदूक धरली. आता ह्या घरात न्हाव्याचा धंदा करायचा?"

सुभेदार आयुष्यभर हुकूम पाळत आलेले. कुणाचा पाळावा, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. शेवटी ते आईला म्हणाले, "आई, फौजेत मीच सगळ्या पलटणीचे बूट पालिश करून बघितल्यात. काम हलकं नसतंय." एवढं बोलून ते शेतावर निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. त्यांच्या शौर्याला तेवढीच मर्यादा होती.

पार्लर सुरू झालं. पण खरा टोला वहिनींना घरातून नाही, बाहेरून बसला. गावात केशकर्तनालय चालवणाऱ्या दत्तूची बायको लक्ष्मी एक दिवस दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "वहिनी, येक इचारू? माज्या मालकांच्या हातात वस्तरा हाय, तर लोक त्यास्नी 'ए न्हाव्या' म्हणत्यात. तुमी त्योच धंदा काढला, तर तुमास्नी म्याडम म्हणत्यात. ह्ये कसं काय?"

हा प्रसंग मी तिथं जाण्याआधीचा. लक्ष्मीनेच मला सांगितला आणि वहिनींनी त्यात एका शब्दाची सुधारणा केली नाही. एवढंच म्हणाल्या, "तिचं काय चुकलं हुतं? येकबी अक्षर चुकलं न्हवतं."

काही दिवसांनी एका सकाळी वहिनी लक्ष्मीच्या घरी गेल्या. चुलीपाशी बसल्या, तिच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "माज्यासंगं येतीस का?"

"झाडलोट करायला?"

"न्हाई. दोरा धरायला. मी शिकवते. दुकान दोघींचं."

लक्ष्मीला खरं वाटेना. पण पाटी रंगवून आली तेव्हा तिच्यावर 'नंदा-लक्ष्मी लेडीज पार्लर' असंच होतं. शिकायला तिला आठवडाभरसुद्धा लागला नाही. आणि हात बसल्यावर तिने पहिल्या भुवया केल्या त्या नंदावहिनींच्या. मी बघितल्या त्या त्यानंतर पुन्हा वाढलेल्या, कारण वहिनी वर्षात एकदाच, दिवाळीला, खुर्चीत बसायच्या. बसल्या की लक्ष्मी दुप्पट जोरात ओरडायची, "सावधान!"

काही घरच्या बायका मात्र लक्ष्मीच्या खुर्चीत बसायला कचरायच्या. "आमाला नंदाच पायजे," म्हणायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. असं कुणी म्हटलं, की नंदावहिनींचा उजवा हात दुखायला लागायचा. त्या मनगट चोळत म्हणायच्या, "आज लय कळ मारतीय बगा. लक्ष्मीकडं बसा, न्हाईतर फुडच्या रविवारी या." पुढच्या रविवारीही हात दुखायचाच. लग्नाची तारीख जवळ आलेली असायची, हळद तोंडावर. बाई मुकाट लक्ष्मीपुढे बसायची. आणि एकदा बसली की पुढच्या वेळी लक्ष्मीलाच मागायची, कारण तिचा हात खरोखरच हलका होता.

वहिनींना बोलायला आवडायचं, आणि त्यांच्या बोलण्यातून मला एक वेगळाच इतिहास कळत गेला. पुस्तकात तो मी कुठं वाचला नव्हता. "तुमाला वाटतंय आमच्या बाया पूर्वी केस काढत न्हवत्या?" त्या म्हणायच्या. "काढत हुत्या. बोलत न्हवत्या." कुणी चुलीतली राख बोटांना लावून उपटायच्या. कुणी काटा काढायच्या चिमट्याने. कुणी नवऱ्याचं पातं चोरून न्यायच्या न्हाणीत आणि कापलं की म्हणायच्या, विळी लागली. तान्ह्या पोरीला हळद-बेसनाच्या गोळ्याने कपाळ, गाल, हातपाय लाल होईस्तोवर रगडायचं, लव जावी म्हणून. पोरगा असला तर दोन हात कमी. "पोरगी रडून रडून निळी पडायची, आन आज्जी म्हणायची, रड बाई, आत्ता रड, फुडं रडायचं वाचंल."

मग पार्लर आलं तसं सगळं हळूहळू उजेडात आलं. आधी फक्त नवऱ्या यायच्या, त्याही हळदीच्या आदल्या दिवशी, तोंडावर ओढणी घेऊन. पुढे नवरीबरोबर करवली बसायला लागली. मग नवरीची आई, "आता आलीच हाय तर माजंबी करा" म्हणत. मग कॉलेजच्या पोरी, मग अंगणवाडीच्या सेविका, मग ग्रामपंचायतीच्या सदस्या. हातापायाचं वॅक्स निघालं, तेव्हा वहिनींनी बाहेरून डबे आणले नाहीत. साखर आणि लिंबाचा पाक घरीच आटवला. "उसाच्या मुलखात ऱ्हाऊन साखर इकत कशापायी आणायची?" एकदा त्यांनी काकवी वापरून पाहिली. ती बाई दोन दिवस माशा वारत फिरत होती. तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

प्रत्येकीला त्या दोरा लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायच्या, "कुणासाठी गं?" पोरगी म्हणाली, "मलाच पायजे," तर त्या काही न बोलता कामाला लागायच्या. "बघायला येणारत" असं उत्तर आलं, तर काम करता करता त्यांचं चालू असायचं: पोरगा काय करतो, तू बोललीस का त्याच्याशी, तुला आवडला का. एका पोरीने त्यांच्या प्रश्नाला रडूनच उत्तर दिलं होतं. तिच्या भुवया त्या दिवशी झाल्या नाहीत. तिला चहा दिला, आईला बोलावून घेतलं, आणि दोघींना मागच्या खोलीत बसवून वहिनी दाराबाहेर पहारा देत उभ्या राहिल्या. ते लग्न मोडलं. पोरीच्या बापाने वर्षभर वहिनींच्या घरावरून जाताना मान फिरवली.

एवढं सगळं चालू असताना आत्ती मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. मागच्या सोप्यात बसून वाती वळायची, आणि पार्लरमधून हसण्याचा आवाज आला की "रामा रामा" म्हणायची.

तिचा हा उपास सुटला तो एका नवरदेवामुळे. पाटणकडचा पोरगा, पुण्यात नोकरीला. लग्नाआधीचे फोटो काढायला तो आणि त्याची होणारी बायको महाबळेश्वरला जाऊन आले होते, आणि आता हळदीला त्याला उघड्या अंगाने फोटो काढायचे होते. पण छातीवर केसांचं रान. त्याची बहीण वहिनींची नेहमीची. तिने गळच घातली.

"न्हाई गं बाई, पाटीवर लेडीज लिवलंय," वहिनी म्हणाल्या. पण पोरीचा चेहरा पडलेला बघून त्यांनी हाक मारली, "आवं, ऐकलं का?"

सुभेदार आले. त्यांना हातात कापडाची पट्टी देऊन मागच्या सोप्यात उभं केलं. नवरदेव बाजेवर आडवा. मी आणि त्याची बहीण उंबऱ्याशी. वहिनी दाराआड, पाठ करून, सूचना देत. "पाक लावा. केसाच्या दिशेनं. आता पट्टी दाबा. आता उलटं वढा, येका झटक्यात!"

सुभेदारांनी ओढली. मग जो आवाज निघाला तो हायवेच्या पलीकडे गेला असणार. नवरदेव उठून बसला आणि "आई गं!" म्हणून त्याने अशी हाक मारली, की शेजारच्या घरातली म्हातारी खरंच धावत आली.

"जवान! वरडायचं न्हाई!" सुभेदार गरजले.

सोप्याच्या कोपऱ्यात आत्ती वाती वळत बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, रागावली. पण ती हसत होती. इतकं हसली की ठसका लागला. "आमी बायांनी जल्मभर सोसलं," ती म्हणाली, "आन ह्यो बाबा येका पट्टीत आईला बलावतोय!"

नवरदेवाची अर्धी छाती तशीच राहिली. हळदीचे फोटो त्याने बनियन घालून काढले.

त्याच दिवशी दुपारी, पार्लरमध्ये कुणी नसताना, आत्ती आली. मी तेवढी बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. तिने इकडेतिकडे बघितलं, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "नंदा, बघ गं जरा. हनवटीत काटा रुतलाय वाटतं."

वहिनी वाकल्या. आत्तीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा हनुवटीवरचा पदर बाजूला केला. तिथं चांगले राठ, पांढरे केस होते.

वहिनी 'सावधान' सुद्धा म्हणाल्या नाहीत. दोरा घेतला, काम केलं, पावडर लावली. "निघाला आत्ती काटा," एवढंच म्हणाल्या.

"लय दिवसाचा हुता," आत्ती म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर दर पंधरवड्याला तिला काटा रुतायला लागला.

ह्याच सुमारास सारिका पार्लरमध्ये आली. ती माझ्या वर्गातली. माण तालुक्याच्या कोरड्या रानातलं धनगराचं घर. मेंढरं घेऊन दरवर्षी इकडे उतरायचे, आणि एका वर्षी बापाने नदीकाठी वाट्याने जमीन घेतली आणि इथंच राहिले. पोरगी काटक, पायाला विलक्षण चपळ. पण उन्हाळ्यातसुद्धा तोंडाला स्कार्फ. वर्गात उत्तर येत असून हात वर करायची नाही. तिला मिशी होती, हनुवटीवर आणि जबड्यावरही दाट केस. पोरं तिला काय म्हणत असतील ते मी सांगायला नको.

आई तिला घेऊन आली, तेव्हा तिच्या गालावर ताजी चीर होती. बापाच्या वस्तऱ्याने रात्री कुणी नसताना तिने स्वतःच दाढी केली होती.

"कुणासाठी गं?" वहिनींनी विचारलं.

सारिकाच्या आधीच आई म्हणाली, "आवं, कोण करून घील हिला अशी?"

"तुमाला न्हाई इचारलं. हिला इचारलं."

मग सारिका खालमानेने म्हणाली, "मला पोलिसात जायाचंय. ग्राउंडला पळाया जाते तर पोरं 'आला रं दादा' म्हणत्यात. म्हणून मी जायाचं बंद केलं."

"मग आता मिशी काडायची, का त्या पोरांची तोंडं बंद करायची?"

सारिकाने पहिल्यांदा मान वर केली. "दोन्ही."

वहिनींना ते उत्तर इतकं आवडलं, की पुढे कितीतरी दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होत्या. पण त्या दिवशी दोरा घेण्याआधी त्यांनी आईला बजावलं, आधी कराडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा. "दोरा वरचं काडतोय. आत काय बिघडलंय ते मला कळत न्हाई." डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हे बऱ्याच मुलींना असतं, पोरीचा काही दोष नाही. एवढं ऐकूनच आईचा चेहरा उजळला. देवऋषीकडचे अंगारे बंद झाले.

आणि तोंडं बंद करायचं काम वहिनींनी सुभेदारांवर सोपवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सुभेदार कॉलेजच्या ग्राउंडवर शिट्टी घेऊन हजर. त्यांच्या मिशीकडे बघून पोरांचं धाडस होईना. महिन्याभरात त्यातली निम्मी पोरं त्यांच्याच शिट्टीवर सारिकाबरोबर पळायला लागली. निवृत्तीनंतर सुभेदारांना कुणीतरी पुन्हा 'सर' म्हणत होतं. त्यांनी कोथिंबीर निवडणं सोडलं.

सारिका दर आठवड्याला यायची. हनुवटीवरून दोरा फिरताना कातडी ताणून धरावी लागते. ती धरायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, पण हूं की चूं नाही.

सारिका बारावी झाली, भरतीची तारीख लागली आणि नेमकं तेव्हाच आत्तीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेल्यासारखीच. कराडच्या दवाखान्यात तिला ठेवलं. वहिनी तिथून हलेनात. लक्ष्मी लेकीच्या बाळंतपणाला कोयनानगरला गेलेली. पार्लर बंद. डॉक्टर म्हणत होते, बोलवत राहा त्यांना. वहिनी दिवसभर तिच्याशी बोलायच्या. आत्ती छताकडे बघत राहायची.

सारिकाचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा, साताऱ्याला होतं. आदल्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर सारिका वॉर्डच्या दारात उभी. तोंडाला पुन्हा स्कार्फ.

"वहिनी, उद्या मी जात न्हाई," ती म्हणाली. "सगळं वाढलंय. सगळ्या जिल्ह्याच्या पोरी असणारत तितं. छातीवर नंबर लावून तोंड उघडं ठेवायला लागतंय."

वहिनी थकलेल्या होत्या. काहीतरी म्हणणार, एवढ्यात खाटेवरून आवाज आला. शब्द नव्हता तो, नुसता घोगरा आवाज. आत्तीचा डावा हात चादरीवरून उचलला गेला होता. ती सारिकाला बोलावत होती.

सारिका खाटेपाशी गेली. आत्तीने डाव्या हाताने तिचा स्कार्फ खाली ओढला. पोरगी मागे सरली नाही. म्हातारीने तिच्या हनुवटीवरून बोटं फिरवली. मग तिचा हात धरला आणि स्वतःच्या हनुवटीवर नेऊन ठेवला. दवाखान्यात आल्यापासून तिथंही पांढरे खुंट वाढले होते.

"मा...जीबी," आत्ती म्हणाली.

झटक्यानंतर आत्तीच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता.

"गोठ्यात... उपटायची," आत्ती थांबत थांबत, जीभ ओढत सांगू लागली. "म्हशीमागं... बसून. ह्यांनाबी... कदी... कळू दिलं न्हाई." तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं. "जल्म... लपण्यात गेला. तू... पळ."

मग तिने वहिनींकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, "दोरा."

रीळ वहिनींच्या कमरेच्या पिशवीत होतं. वॉर्डमधल्या खिडकीपाशी सारिकाला स्टुलावर बसवून त्यांनी तिचं काम केलं. नर्स आली, "अहो, हे काय चाललंय इथं?" म्हणाली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच पडदा ओढून घेऊन गेली. सारिकाचं झाल्यावर वहिनी आत्तीकडे वळल्या. पण आत्तीला एकाच हाताने कातडी ताणता येईना. तेव्हा सारिका खाटेच्या काठावर बसली आणि तिने म्हातारीची हनुवटी दोन्ही हातांनी, जपून, ताणून धरली. वहिनींनी दोरा दातात धरला.

काम संपलं. आत्तीने श्वास सोडला आणि वाकड्या ओठांनी म्हणाली, "इश्राम."

त्यावर वहिनी ज्या हसल्या आणि ज्या रडल्या, ते वेगळं करून सांगता यायचं नाही.

सारिका दुसऱ्या दिवशी साताऱ्याला पळाली, तोंड उघडं ठेवून. पळण्यात ती पहिल्या काहीजणींत आली. गोळाफेकीत मागे पडली, आणि यादीत नाव आलं नाही. पण ती तिसऱ्या दिवशी ग्राउंडवर हजर होती, हातात गोळा घेऊन. स्कार्फ नव्हता. पुढच्या भरतीत तिची निवड झाली. त्या मधल्या काळात एकदा ती महिन्याभराने पार्लरमध्ये आली. वहिनी म्हणाल्या, "इतकं दिस कुटं हुतीस? बघ की किती वाढलंय." ती म्हणाली, "सवडच न्हाई गावली आरशात बघायला." वहिनींनी दोरा खाली ठेवला. मग आत्तीला ऐकू जाईल अशा बेताने ओरडल्या, "आत्ती, ऐकलं का? हिला सवड न्हाई!"

आत्ती त्यानंतर दीड-दोन वर्षं जगली. बोलणं बरंच सुधारलं. रविवारी तिची खुर्ची पार्लरमध्येच असायची, आणि हनुवटी लपवत येणाऱ्या पोरींना ती आपणहून हाक मारून जवळ बसवायची. ती गेली तेव्हा आंघोळ घालायच्या आधी वहिनी तिच्या उशापाशी बसल्या. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. वहिनी दोरा सोडवत म्हणाल्या, "माहेरची माणसं येणारत तिची. तिला न्हाई आवडायचं." लक्ष्मी पुढे झाली आणि तिने हनुवटी धरली.

माझी बदली सांगलीकडे झाली. सारिकाही तिकडेच पोस्टिंगला आहे. बाजारात कधी गणवेशात भेटते, तेव्हा गाडी थांबवून वाकून नमस्कार करते आणि मला ओशाळायला होतं. वहिनींशी फोनवर बोलणं व्हायचं. हायवे रुंद होणार, रस्त्याकडची खोली जाणार, असं त्या सांगायच्या. "जाऊ द्या. लोकास्नी रस्ताबी पायजे," म्हणायच्या, पण आवाज जड असायचा.

गेल्या मार्चमध्ये परीक्षेच्या कामासाठी मी एसटीने साताऱ्याला निघाले होते. उंब्रजच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. धूळ, डंपर, हॉर्न. आमची एसटी इंच इंच सरकत होती आणि मी खिडकीतून ओळखीच्या खुणा शोधत होते. खोली नव्हती. तिच्या जागी विटांचा ढीग आणि उघडं पडलेलं अंगण.

मग त्या दोघी दिसल्या. अंगणातल्या शेवग्याच्या खोडाला आरसा बांधलेला. त्याखाली प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीवर नऊवारीतली कुणी म्हातारी उन्हाकडे तोंड वर करून बसलेली, भर रस्त्याच्या कडेला, शेकडो गाड्यांच्या देखत, आणि तिला त्याचं काही नव्हतं. लक्ष्मी तिच्यावर वाकलेली. नंदावहिनी शेजारी उभ्या, एका हाताने कुठल्यातरी ट्रकवाल्याला हॉर्न बंद कर म्हणून खुणावत. केस बरेच पांढरे झाले होते.

मी हाक मारली. डंपरच्या आवाजात ती माझ्याच कानापर्यंत पोचली नाही. परीक्षेची वेळ गाठायची होती, गाडी सोडून उतरणं शक्य नव्हतं.

माझ्या पुढच्या सीटवर दोन कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. त्यातली एक खिडकीतून बघत दुसरीला म्हणाली, "ए, गाडी काय अर्धा तास हलत नाही. चल, तिथं भुवया करून घेऊ."

"इथं? रस्त्यावर?"

"मग काय झालं?"

दोघी उतरल्या. डंपरच्या मधून वाट काढत, ओढण्या सावरत, त्या अंगणाकडे निघाल्या. वहिनींनी त्यांना येताना पाहिलं आणि रिकाम्या खुर्चीवरची धूळ पदराने झटकली.